आलिम आमचा, मशीद सुरतेची

आमच्या मशिदीचे इमामसाहेब अररियाचे. बिहारच्या पार ईशान्य टोकाला, नेपाळला लागून असलेला जिल्हा. अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ते आले तेव्हा पऱ्हाटी (म्हणजे कपाशी) कशाला म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. आता आभाळाकडे बघून "यंदा तं पाऊस गायबच हाय बाप्पा" म्हणतात आणि पारावरची म्हातारी खो खो हसतात. पगार सात हजार. जेवणाचा डबा घराघरांतून पाळीने. राहायला मशिदीला लागून एक हुजरा, त्यात एक खाट, एक टेबल फॅन आणि किताबांची पेटी. वर्षातून एकदा घरी जातात.

माझा धाकटा भाऊ उत्तर प्रदेशातल्या देवबंदच्या मदरशाचा आलिम, म्हणजे धर्माचं पूर्ण शिक्षण घेतलेला. आमच्या गावातला पहिला आणि आजवरचा एकुलता एक. तो सुरतेकडे एका मशिदीत इमामत करतो. तोही वर्षातून एकदाच घरी येतो.

म्हणजे आमचा माणूस सुरतेला आणि अररियाचा माणूस आमच्याकडे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना गणित शिकवते, हातचे घेणं आणि हातचे देणं हा माझा रोजचा धंदा. पण हा हातचा कोणी कोणाकडून घेतला, ते मला बरीच वर्षं उलगडत नव्हतं.

आम्ही पिंजारी. अब्बा खांद्यावर पिंजण घेऊन बारा गावं फिरायचे. तातेचा टँव टँव आवाज आला की बाया जुन्या गाद्या घेऊन ओट्यावर यायच्या. कापूस पिंजताना अब्बांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, आणि पुढे त्या खरोखरच पांढऱ्या झाल्या तेव्हा फरक कोणाच्या ध्यानात आला नाही. गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. विहिरीचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लग्नाची मुलगी द्यायची तर आधी विचारतात, पाणी कसं आहे.

भावाची स्मरणशक्ती लहानपणापासून भयंकर. एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. मराठी शाळेत सातवीपर्यंत सगळ्या कविता पाठ, वर गाडगेबाबांची गोष्ट हावभावासकट सांगायचा. (बाबांचं शेंडगाव आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत ही गोष्ट कोणीतरी सांगतोच.) तेव्हाच्या हाफिजजींनी अब्बांना म्हटलं, हा पोरगा कुराण पाठ करू शकतो. 1996 साली सातवी झाली आणि तो अकोला जिल्ह्यातल्या एका छोट्या मदरशात गेला. तीन वर्षांत हाफिज झाला. तोवर सगळं एसटीच्या टप्प्यात होतं. अम्मा महिन्याला एकदा डबा घेऊन जायची, संध्याकाळच्या गाडीने परत.

त्यापुढचं शिक्षण म्हणजे आलिम होणं, आणि त्याला साधारण आठ वर्षं लागतात. ते कुठे करायचं, हा प्रश्न आला आणि एसटीचा टप्पा संपला.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हिफ्ज आणि आलिमियत यांतला फरक बाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसतो, आणि खरं सांगायचं तर आमच्या मोहल्ल्यातही अर्ध्या लोकांना नसतो. हिफ्ज म्हणजे कुराण तोंडपाठ करणं. त्याला एक चांगला उस्ताद आणि एक खोली पुरते. म्हणून हिफ्जचे मदरसे आमच्याकडेही गावोगाव आहेत. आलिम व्हायचं तर अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, फिकह म्हणजे धर्मकायदा, तफसीर म्हणजे कुराणाचं विवेचन, हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं, आणि शेवटच्या वर्षी दौरा-ए-हदीस: बुखारी, मुस्लिम, तिर्मिजी, अबू दाऊद, नसाई, इब्ने माजा असे सहा थोर संग्रह एका वर्षात उस्तादापुढे वाचून काढायचे. या अभ्यासक्रमाला दर्स-ए-निजामी म्हणतात. 1748 साली वारलेले लखनौच्या फिरंगी महलचे मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाचा. त्याला एक खोली पुरत नाही. वेगवेगळ्या विषयांचे जाणते उस्ताद लागतात, ग्रंथालय लागतं, शेकडो पोरांचं दोन वेळचं जेवण लागतं.

नागपुरात जुने मदरसे आहेत. पण आमच्या दर्यापूरच्या माणसाला नागपूर हे कधीच जवळचं वाटलेलं नाही. हाफिजजींचे उस्ताद गुजरातेत शिकलेले, म्हणून ते म्हणाले, गुजरात. हे असंच चालतं. ज्या वाटेने गुरू गेला ती वाट चेल्याला माहीत असते, आणि ज्या मुलुखातून पहिला माणूसच गेला नाही तिथे वाटही नसते.

सुरत, नवसारी, भरूचचा पट्टा या बाबतीत श्रीमंत. डाभेल, तडकेश्वर, कंथारिया, एकेका गावात असा मदरसा की आमच्या तालुक्याच्या कॉलेजाने तोंडात बोट घालावं. त्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आफ्रिकेत, इंग्लंडात गेली, तिथून पैसा आला. डाभेलला तर अन्वर शाह काश्मिरींसारखा हदीसचा दिग्गज 1920 च्या दशकाच्या शेवटी देवबंद सोडून येऊन राहिला. आमच्या खारपाणपट्ट्यातून जे बाहेर गेले ते पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर गेले. त्यांचा पैसा घराच्या पत्र्यांवर संपला.

भाऊ पहिल्या सुट्टीत आला तेव्हा रात्री कंदिलाजवळ बसून घोकत होता. "जरबा जैदुन अम्रन." अरबी व्याकरणातलं शेकडो वर्षांचं उदाहरण. जैदने अम्रला मारलं. कर्ता जैद, कर्म अम्र, शेवटच्या स्वरावरून ओळखायचं. अब्बा रजई शिवत होते. त्यांनी अर्थ विचारला, भावाने सांगितला. दुसऱ्या रात्री परत तेच. तिसऱ्या रात्री अब्बा सुई थांबवून म्हणाले, "काऊन रे, हा जैद त्या अम्रले रोज कायले मारते? त्याचं काही घेणं हाय काय?"

आम्ही हसून लोळलो. पण भाऊ त्या रात्री रडला, ते मला फार वर्षांनी त्याने सांगितलं. त्याचं म्हणणं असं की त्याच्या वर्गात आजमगढची पोरं होती, सहारनपूरची होती, त्यांच्या घरात उर्दू पाण्यासारखी वाहायची. व्याकरणाच्या पहिल्या किताबा, मीजान आणि नहवमीर, या फारसीत आहेत. म्हणजे अरबी शिकायची ती फारसीतून. फारसीचा अर्थ उस्ताद सांगणार उर्दूत. आणि आमचा भाऊ ती उर्दू डोक्यात वऱ्हाडीत फिरवून घेणार. आमच्या घरात जी बोली चालते ती ना धड उर्दू, ना धड मराठी. "कायकू बैठा है, उठ ना बे, ढोरं सुटली" अशी आमची जबान. वर्गात तो एकदा उत्तर देताना "मंग" म्हणाला आणि पुढची चार वर्षं त्याचं नावच मंग पडलं.

किलोमीटरचं अंतर पैसे उसने घेऊन कापता येतं. या चार भाषांचं अंतर त्याने एकट्याने कापलं, आणि ते कुठल्याही तिकिटावर लिहिलेलं नाही.

2003 च्या ईदनंतर तो देवबंदला निघाला. मदरशांचं वर्ष शव्वालमध्ये सुरू होतं, रमजान संपला की. त्या वर्षी ते नोव्हेंबरच्या शेवटी आलं. अब्बांनी त्याला रजई भरून दिली, तीन किलो कापसाची, इतकी जड की ती वेगळी बांधावी लागली. अकोल्याहून भुसावळ, भुसावळहून दिल्ली, दिल्लीहून मेरठ, मुजफ्फरनगर करत देवबंद. हजार किलोमीटरच्या वर प्रवास, बहुतेक उभ्याने. तिथे प्रवेशासाठी लेखी परीक्षा. जागा थोड्या आणि देशभरातून आलेले हजारो. त्या वर्षी यादीत त्याचं नाव लागलं नाही.

परत यायचं तोंड नव्हतं. जवळच्याच एका लहान मदरशात वर्षभर राहिला, उर्दू घासली, पुढच्या वर्षी बसला आणि लागला. तेव्हाचं त्याचं पत्र अम्माने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यात परीक्षेबद्दल एक ओळ होती. बाकी सगळं असं: इथलं पाणी गोड आहे. डाळ एका उकळीत शिजते. ऊस खूप. थंडी खूप, रजई कामाला आली.

तिथे फी नाही. राहणं, जेवण, किताबा, सगळं मोफत. 1866 साली देवबंदच्या छत्ता मशिदीत डाळिंबाच्या झाडाखाली एक उस्ताद आणि एक विद्यार्थी यांच्यावर देवबंदचं हे दारुल उलूम सुरू झालं, दोघांचंही नाव महमूद. 1857 नंतर दिल्ली उजाड झाली होती. नवाबांचा, बादशहांचा आसरा संपला होता. म्हणून संस्थापकांनी ठरवलं की सरकारी किंवा जहागिरीच्या पैशाऐवजी सामान्य माणसाच्या चंद्यावर चालवायचं. नवं पोस्ट आणि नवी रेल्वे यांनी तो चंदा लांबून लांबून आणला.

हे वाचताना मला कायम आमच्या रेल्वेची आठवण येते. रेल्वे नागपूरला पोचली 1867 मध्ये, म्हणजे जवळपास त्याच वेळी. वऱ्हाडातून ती गेली ती कापसासाठी. वऱ्हाड निजामाने 1853 मध्येच इंग्रजांच्या हवाली केलं होतं. खामगाव, अमरावतीचा कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला. त्या रेल्वेने आमच्याकडे विद्या आणली का? थोडी आणली. बाहेर नेलं मात्र भरपूर, आधी कापूस, मग पोरं.

आणि असंही नाही की हा मुलूख आधीपासूनच कोरडा होता. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी, 1490 पासून 1574 पर्यंत. दरबार म्हटला की काझी आले, मुफ्ती आले, सुंदर अक्षर काढणारे खुशनवीस आले. बाळापूरची नक्शबंदी खानकाह, म्हणजे सूफींचा मठ, सतराव्या शतकापासूनची. मन नदीच्या काठावर बसून लोक फारसी ग्रंथ वाचत होते त्या काळी देवबंद हा उसाच्या शेतांतला एक कसबा होता. मग राजधानी गेली, मुघल आले, निजाम आला, इंग्रज आले, आपण मध्य प्रांतात गेलो, 1960 साली महाराष्ट्रात आलो. प्रत्येक वेळी सत्तेचं केंद्र आणखी लांब. हैदराबादला जामिया निजामिया 1870 च्या दशकात उभी राहिली, पण तोवर वऱ्हाड निजामाचं फक्त नावापुरतं होतं. मला वाटतं, तिथेच आमची एक वाट तुटली. उत्तरेचा रस्ता लांब, दक्षिणेचा बंद.

विदर्भाच्या माणसाला "अनुशेष" हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दांडेकर समितीने 1984 साली सिंचनाचा, रस्त्यांचा, विजेच्या पंपांचा, शाळांचा, दवाखान्यांचा अनुशेष मोजला. आम्ही डी.एड.ला ते आकडे पाठ करायचो. एखादा मुलूख मागे राहतो म्हणजे त्याचं नशीब फुटकं असतं असं नसून पैसा कुठे गेला याचा तो हिशेब असतो, हे मला तिथे कळलं. दीनी तालीमचा अनुशेष मात्र कोणी मोजला नाही. सरकारने तो का मोजावा, असं कोणी विचारेल, आणि ते बरोबरच आहे. पण आम्हीही मोजला नाही.

रमजानचं बघा. पहिल्या दहा दिवसांत गावात सफीर, म्हणजे मदरशांसाठी चंदा गोळा करणारे, येऊ लागतात. खांद्याला पिशवी, हातात रसीदबुक, उत्तर प्रदेशातल्या, बिहारातल्या मदरशांची नावं छापलेली. अब्बा कोणालाच परत पाठवत नसत. पन्नास रुपये, वीस रुपये, एकदा पैसे नव्हते तर उशी भरून दिली. जकात म्हणजे धर्माने ठरवून दिलेलं दान, सदका म्हणजे खुशीचं दान, बकरी ईदच्या चामड्याचे पैसे, सगळं असंच जायचं. (चामड्याचा प्रश्न आता मिटलाच. भाव इतके पडले की मदरसेवाले न्यायला येत नाहीत.) देणं चुकीचं नव्हतं, तिथेच तर भाऊ फुकट शिकला. पण तालुक्यात सगळ्या गावांची जकात एका ठिकाणी जमवून इथेच काही उभं करावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. हे म्हणायचं धाडस मी एकदा मोहल्ल्यातल्या बायकांच्या इज्तिमात, म्हणजे धार्मिक बैठकीत, केलं. एक खाला म्हणाल्या, "बेटा, उधर बडे बडे बुजुर्ग हैं. इधर कौन है?" इथे कोण आहे. प्रश्न बरोबर होता. जो होता तो शिकायला गेला होता.

आणि उभं राहू शकत नाही असंही नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं अक्कलकुवा, सातपुड्याच्या कुशीतला आदिवासी तालुका, तिथे गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी 1980 च्या आसपास सुरू केलेला मदरसा आज हजारो मुलांचा आहे, सोबत डी.एड., बी.एड., फार्मसी, इंजिनिअरिंग, मेडिकल. अकोल्याहून नवजीवन एक्सप्रेसने नंदुरबारला उतरायचं की झालं. आमच्या भागातली बरीच पोरं आता तिकडे जातात. वस्तानवी 2011 मध्ये देवबंदचे मोहतमिम, म्हणजे प्रमुखही झाले, पण काही महिन्यांतच त्यांना पायउतार व्हावं लागलं. भावाच्या मते ते उत्तरेचे नव्हते हेही त्यामागे होतं. मला भावाचं मत थोडं रंगीत वाटतं, त्याच्या "मंग"मुळे. अक्कलकुवा दुर्गम असलं तरी गुजरातच्या सीमेवर आहे. सुरतेची हवा लागते. आमच्याकडे वारा मेळघाटातून येतो.

आता कागदांचं सांगते.

4 जुलै 2015, शनिवार. राज्यभर शाळाबाह्य मुलांचं एका दिवसात सर्वेक्षण होतं. आम्हा शिक्षकांना घरोघर, वीटभट्ट्यांवर, स्टँडवर पाठवलं होतं. मूल मोजलं की डाव्या हाताच्या बोटाला शाई लावायची, मतदानासारखी. त्याच आठवड्यात सरकारने जाहीर केलं होतं की गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं शाळाबाह्य धरायची. माझ्या वाट्याला जो भाग आला त्यात एक हिफ्जचा मदरसा होता. वीस-बावीस पोरं, पांढऱ्या टोप्या, रिहालीवर कुराण, पुढेमागे डुलत सबक चालू. उस्ताद घाबरले. मी म्हटलं, घाबरू नका, मी पिंजाऱ्याची पोरगी आहे, माझा भाऊ देवबंदला होता. ते अजूनच घाबरले, कारण माझ्या हातात सरकारी फॉर्म होता.

एका पोराने विचारलं, "टीचर, ये इंक नमाज से पहले निकल जाएगी क्या?" वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, होईल की नाही याची त्याला काळजी. मी म्हटलं, ही कातडीत मुरते, थर बसत नाही, वुजू होतो. हा मसला मला भावामुळे माहीत होता. त्या मदरशात मी शाळाबाह्य मुलं मोजत होते आणि त्यांच्या धर्माचा प्रश्नही मीच सोडवत होते.

स्पष्टच सांगते, मी शासनाच्या बाजूने होते. आजही आहे. दहा वर्षांच्या पोराला भागाकार आला पाहिजे, इंग्रजीत पत्ता लिहिता आला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण फॉर्मवर "कधीच शाळेत न गेलेला" आणि "शाळा सोडलेला" एवढेच रकाने होते. सहाशे पानांचा ग्रंथ झेर-जबर या स्वरचिन्हांसकट पाठ असलेलं पोरगं वीटभट्टीवरच्या पोराच्या रकान्यात टाकताना माझा पेन अडला. टाकलं. नोकरी आहे.

त्या रात्री भावाला फोन केला. तो म्हणाला, "आपा, मीही त्याच रकान्यातला. माझ्या सरकारी शिक्षणाचा कागद सातवी पास." 2007 मध्ये दौरा करून, डोक्याला दस्तार बांधून, सनद घेऊन तो आला होता. अकरा वर्षं शिकला. बी.ए.ला बसावं म्हणून तो एका महाविद्यालयाच्या खिडकीवर ती सनद घेऊन गेला. कारकुनाने ती उलटीसुलटी करून बघितली, अक्षर छान आहे म्हणाला, आणि दहावीचं मार्कशीट मागितलं. अलिगढ, जामिया मिल्लिया, हैदराबादचं मौलाना आझाद विद्यापीठ अशा काही ठिकाणी ही सनद चालते. अलिगढने तर 2013 मध्ये मदरशाच्या मुलांसाठी खास ब्रिज कोर्स काढला. पण ती सगळी नावं पुन्हा रेल्वेच्याच टप्प्यातली. तोवर भावाचं लग्न होऊन पोरगी झाली होती.

आमच्या इमामसाहेबांचा मुलगा अररियात शिकला. बिहारमध्ये मदरसा शिक्षण मंडळ आहे. तिथे फौकानिया म्हणजे दहावी, मौलवी म्हणजे बारावी. पोरगा मदरशात बसून मॅट्रिक झाला आणि आता पाटण्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. महाराष्ट्रात असं मंडळच नाही. 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या पदव्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत म्हणून रद्दबातल केल्या. त्या दिवशी इमामसाहेब दिवसभर मोबाईलवर बातम्या बघत होते. मी विचारलं, आपल्याकडे काय फरक पडणार? ते म्हणाले, "कुछ नहीं, मैडम. आपके यहाँ कैंसिल होने को कुछ था ही नहीं."

तर हा हातचा असा आहे. अररियात कागद आहे, पण पोट भरत नाही, म्हणून तिकडचा आलिम आमच्याकडे येतो. आमच्याकडे सात हजार आणि पाळीचा डबा आहे, पण ज्याने अकरा वर्षं घातली, ज्याला बायकोपोरं आहेत, त्याला ते पुरत नाही. सुरतेत मशिदीला दुकानांचं भाडं येतं, इमामाला क्वार्टर आहे, म्हणून आमचा आलिम तिकडे. सुरतेचा आलिम, भाऊ सांगतो, इंग्लंडात लेस्टरला जातो. पाणी उताराकडे जातं तसा आलिम भाड्याकडे जातो.

यात गाव काय गमावतं, हे मला जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या बयानात (प्रवचनात) कळतं. इमामसाहेब चांगले आहेत, मनापासून बोलतात. पण त्यांचं बयान किताबी उर्दूत असतं आणि आमची माणसं "बेशक, बेशक" म्हणत बसतात. सोयाबीन गेलं, कर्ज डोक्यावर, एकाने फवारणीचं औषध प्यायलं, त्या जुम्म्याला बयान होतं सब्राच्या फजिलतीवर, म्हणजे धीर धरण्याच्या थोरवीवर. चांगलं होतं. पण त्या घराला काय म्हणायचं, व्याजाच्या कर्जाचं काय करायचं, सावकाराचं काय, बँकेच्या पीककर्जाचं काय, हे वऱ्हाडीत कोणी बोललं नाही. गाडगेबाबा याच मातीत उभे राहून लोकांच्या बोलीत कीर्तन करायचे, माणसं समोरून उत्तरं द्यायची. भाऊ त्या वेळी गावात होता. त्याने त्या घरी जाऊन ओट्यावर बसून अर्धा तास तसंच काहीतरी केलं. "बापू, जीव मोठा की सातबारा?" एवढं एकच वाक्य मला ऐकू आलं. चार दिवसांनी तो सुरतेला गेला.

केरळात मी एकदा शिक्षकांच्या सहलीत गेले होते. मलप्पुरमला सकाळी सातला रस्त्यावर पोरं-पोरी दप्तर घेऊन मदरशात, दहाला त्याच पोरी गणवेशात शाळेत. तिथलं मदरसा मंडळ 1951 पासूनचं, पाठ्यपुस्तकं बरीचशी मल्याळममध्ये. चेम्माडच्या दारुल हुदात तर पोरगा दीनी अभ्यासक्रमासोबत विद्यापीठाची पदवीही घेतो. त्यांना उर्दूच्या पुलावरून जावं लागलं नाही. मला हेवा वाटला. आणखी काय सांगू.

माझी मुलगी बारावी सायन्सला आहे, दर्यापूरला जाते, एसटीचा पास फुकट. तिला हदीस मुळातून वाचायची आहे. देवबंदला मुलींना प्रवेश नाही. मालेगावला मुलींचा जुना, नावाजलेला मदरसा आहे, जामियतुस्सालिहात, पण पाच वर्षं तिकडे ठेवायची तर बारावीनंतरचं नर्सिंग राहिलं. भावाची मुलगी सुरतेत घरापासून चालत जाते, आलिमाचं तिसरं वर्ष. दोघी मावस-चुलत नाहीत, सख्ख्या मामे-आत्येबहिणी, एकाच आजीच्या नाती. एकीला मदरसा पायाखाली, दुसरीला मोबाईलच्या दोन कांड्यांवर. रात्री ती गच्चीवर चढते, पाण्याच्या टाकीजवळ रेंज येते, आणि मामा तिला तिकडून शिकवतो. परवा मी वर गेले तर ती घोकत होती, "जरबा जैदुन अम्रन". मी विचारलं, अजून मारूनच राहिला का तो? तिला काही कळलं नाही. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली.

मी तिला मालेगावला पाठवीन का? नाही. नोकरी आधी, असं मी तिला सांगून टाकलं. मग मी अब्बांपेक्षा पुढे गेले की मागे, ते ज्याचं त्याने ठरवावं.

गेल्या ईदला भाऊ आला नाही. रमजानची तरावीह, ईदची नमाज, इमामाला सुट्टी कशी मिळणार. इमामसाहेबही घरी गेले नव्हते, त्याच कारणाने. नमाजनंतर ते आमच्याकडे शीरखुर्मा प्यायला आले, अम्माने भावाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. तेवढ्यात त्यांना घरून व्हिडिओ कॉल आला. त्यांची अम्मी होती, डोक्यावरून पदर, मागे केळीची झाडं. इमामसाहेबांनी मोबाईल आमच्या अम्मापुढे धरला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. कोणाचंच कोणाला कळेना. त्यांची बोली वेगळी, अम्माची वेगळी, मधे इमामसाहेब तर्जुमा करायला.

अम्माने विचारलं, "त्याईले पुसा, तुमच्याकडं पाणी गोड हाय काय?"

इमामसाहेबांनी विचारलं. तिकडून उत्तर आलं. ते म्हणाले, "अम्मी कह रही हैं, पानी में लोहा है. बर्तन लाल हो जाते हैं. कपड़े भी."

अम्मा जराशी गप्प झाली. मग म्हणाली, "सांगा त्याईले, पोरगा बरोबर जेवते म्हणा. आज दोन वाट्या घेतल्या."